शुगरचा आकडा वाचायचा कसा? नव्याने मधुमेह निघालेल्या नागपूरकरांसाठी

सकाळी १४८, नाश्त्यानंतर २३६, एका संध्याकाळी १२४, पुढे एका सकाळी उपाशीपोटी पुन्हा १४६. मधुमेहाचं निदान झालं की घरात मशीन येतं, चार दिवसांत असे आकडे जमतात आणि घरातला प्रत्येक जण त्यातला एकेक आकडा धरून बसतो. कुणी २३६ पाहून घाबरतं, कुणी १२४ दाखवून गोळी बंद करायला सांगतं. खरं म्हणजे हे सगळेच आकडे बरोबर असू शकतात. रक्तातली साखर दिवसभर वरखाली होत असते. १७० हा आकडा जेवणानंतर दोन तासांनी आला तर बहुतेकांना चालतो, तोच सकाळी उपाशीपोटी आला तर चालत नाही.

म्हणून पहिल्या दिवसापासून सुटा आकडा वाचायचा नाही. आकड्याशेजारी चार गोष्टी लिहायच्या: किती वाजता घेतला, शेवटचं खाणं कधी आणि काय, औषध घेतलं होतं का, आणि त्या दिवशी काही वेगळं होतं का (ताप, जागरण, उपास, उन्हातला प्रवास). या चार गोष्टी नसतील तर त्या आकड्यावरून डॉक्टरांनाही काही ठरवता येत नाही.

पुढची माहिती टाइप-२ मधुमेह असलेल्या आणि मुख्यतः गोळ्यांवर असलेल्या प्रौढांसाठी आहे. टाइप-१ असलेली मुलं, दिवसातून अनेकदा इन्सुलिन घेणारे आणि गरोदर बायका यांच्या मोजण्याच्या वेळा आणि लक्ष्यं वेगळी असतात, ती त्यांच्या डॉक्टरांकडूनच घ्यावीत.

आधी हे सामान जमवा

- ग्लुकोमीटर आणि त्याच मॉडेलच्या स्ट्रिपा. मशीन घेताना मशीनच्या किमतीपेक्षा स्ट्रिपची किंमत विचारा, आणि तुमच्या वस्तीतल्या औषधाच्या दुकानात ती बारा महिने मिळते का ते बघा. मशीन एकदाच घ्यायचं असतं, स्ट्रिपा कायम लागतात.
- टोचायचं पेन आणि त्याच्या सुया, म्हणजे लॅन्सेट.
- एक वही. मशीनमध्ये आकडे साठतात, पण तर्री-पोहे खाल्ले होते की भाकर, हे मशीनला माहीत नसतं.
- ग्लुकोज पावडर. ती कशासाठी, ते आठव्या पायरीत येईल.
- वापरलेल्या सुयांसाठी झाकणाची जाड प्लास्टिकची बाटली. सुट्या सुया घंटागाडीच्या कचऱ्यात टाकू नका. कचरा वेगळा करणाऱ्यांच्या हातात त्या घुसतात.

मशीन पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा तारीख आणि वेळ नीट लावा. मशीनचं घड्याळ चुकीचं असलं तर उपाशीपोटीचा आकडा रात्री अकराचा म्हणून साठतो आणि पुढे कुणालाच काही उलगडत नाही. परदेशातल्या नातेवाइकांनी मशीन पाठवलं असेल तर एकक तपासा. आपल्याकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर वापरतात, काही देशांत मिलिमोल. मिलिमोलच्या आकड्याला १८ ने गुणायचं. अशा मशीनवर ७.२ दिसलं तर ते १३० झालं, आणि १६ दिसलं तर ते २८८.

१. तुमचं लक्ष्य डॉक्टरांकडून लिहून घ्या

निदानाचे आकडे वेगळे आणि उपचार सुरू झाल्यावरचं लक्ष्य वेगळं. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

निदान करताना उपाशीपोटी १०० च्या आत सामान्य, १०० ते १२५ सीमारेषेवर, १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी १४० च्या आत सामान्य, २०० किंवा जास्त म्हणजे मधुमेह. एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ताची तपासणी, आकडा टक्क्यांत) ५.७ च्या आत सामान्य, ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. ठळक लक्षणं नसतील तर एकाच तपासणीवर निदान करत नाहीत, दुसऱ्यांदा खात्री करतात.

उपचार सुरू झाल्यावर बहुतेक प्रौढांसाठी सर्वसाधारण लक्ष्य असं धरतात: उपाशीपोटी आणि जेवणाआधी ८० ते १३०, जेवणानंतर १८० च्या आत, एचबीए१सी ७ च्या आत. लॅबच्या रिपोर्टवर मात्र शेजारच्या रकान्यात निरोगी माणसाची मर्यादा छापलेली असते. त्यामुळे उपचारावर असलेल्या माणसाचा उपाशीपोटी १२२ हा चांगला आकडासुद्धा ठळक अक्षरात, तारा लावून येतो आणि घरात चिंता पसरते. तुमच्या आकड्याची तुलना तुमच्या लक्ष्याशी करा.

हे लक्ष्यही सगळ्यांना सारखं नसतं. ऐंशीच्या आजोबांना, हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांना, वारंवार शुगर लो होणाऱ्यांना डॉक्टर मुद्दाम सैल लक्ष्य देतात, एचबीए१सी ८ पर्यंतही. तरुण माणसाला थोडं कडक. गरोदरपणात सगळ्यात कडक: उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत. तुमचे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा.

२. स्ट्रिपा उन्हापासून वाचवा, आणि कूलरपासूनही

स्ट्रिपवर एक रासायनिक थर असतो. रक्तातल्या ग्लुकोजशी त्याची क्रिया होते आणि त्यातून निघालेला सूक्ष्म विद्युतप्रवाह मशीन मोजतं. उष्णता आणि ओल, दोन्हींनी हा थर बिघडतो. बहुतेक कंपन्यांच्या डबीवर साठवणुकीची वरची मर्यादा ३० अंश सेल्सिअस लिहिलेली असते. नागपुरात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात आणि नवतपात तर बंद घरातही दुपारी पारा चाळिशीकडे जातो.

घरातल्या सगळ्यात आतल्या, भिंतीला ऊन न लागणाऱ्या खोलीत, कपाटाच्या खालच्या कप्प्यात डबी ठेवा. फ्रिजवर नको, तिथे मोटरची उष्णता असते. फ्रिजमध्येही नको, कारण बाहेर काढल्यावर स्ट्रिपवर दव धरतं. गाडीच्या डिक्कीत तर अजिबात नको. सीताबर्डीला खरेदी होईपर्यंत उन्हात उभ्या असलेल्या स्कूटरच्या डिक्कीत काय तापमान असतं ते हात घातल्यावर कळतंच.

दुसरा शत्रू कूलर. आपल्याकडे एप्रिल ते जून घराघरात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर चालतो आणि खोलीतली हवा ओलसर होते. स्ट्रिपच्या डबीत ओल शोषणारा पदार्थ बसवलेला असतो, पण तो झाकण बंद असेपर्यंतच काम करतो. कूलरसमोर बसून डबी उघडी ठेवायची, हात धुऊन यायचं, मग टोचायचं, असं रोज झालं तर महिन्याभरात स्ट्रिपा कुचकामी होतात. स्ट्रिप काढली की झाकण तत्काळ टक् आवाज येईपर्यंत दाबा. स्ट्रिपा दुसऱ्या डबीत किंवा कागदाच्या पुडीत काढून ठेवू नका.

डबी उघडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर पेनाने लिहा. उघडल्यानंतर किती महिने चालेल ते डबीवर दिलेलं असतं, बहुतेक वेळा ३ ते ६ महिने. छापलेली अंतिम मुदत न उघडलेल्या डबीची असते. पन्नासची डबी स्वस्त पडते म्हणून घेतली आणि आठवड्याला दोनच स्ट्रिपा वापरल्या, तर शेवटच्या स्ट्रिपा वाया जाऊ शकतात. कमी मोजणाऱ्यांनी पंचवीसची घ्यावी.

मशीनलाही उष्णता सोसत नाही. बाहेरून आल्यावर मशीन खोलीत पंधरा-वीस मिनिटं राहू द्या, मगच वापरा.

३. बोट टोचा, पण आधी हात धुवा

हात धुण्याची पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच आकडा बिघडतो. अंबिया बहाराची संत्री बाजारात आली की हे जास्त होतं. एक संत्रं सोललं, खाल्लं, हात नुसता रुमालाला पुसला आणि अर्ध्या तासाने बोट टोचलं. रक्तात साखर १०० असते तेव्हा एका डेसिलिटरमध्ये एक दशांश ग्रॅम ग्लुकोज असतं. तेवढ्याच संत्र्याच्या रसात नुसतं ग्लुकोज साधारण २ ग्रॅम, म्हणजे वीस पट. स्ट्रिपला लागणारा थेंब एक मायक्रोलिटरच्या आसपासचा. बोटाच्या रेषांत राहिलेला रस त्यात मिसळला की १२० चे २५० सहज दिसतात. स्पिरिटचा बोळा फिरवून हा रस नीट निघत नाही, साबण-पाण्यानेच निघतो.

क्रम असा:

हात साबणाने धुवा आणि पूर्ण कोरडे करा. ओल्या बोटावर रक्त पातळ होतं आणि आकडा कमी येतो. स्पिरिट वापरलंत तर ते उडून जाईपर्यंत थांबा. थंडीत बोटं गार असतील तर कोमट पाण्याने धुवा आणि हात खाली सोडून अर्धा मिनिट हलवा. मग स्ट्रिप मशीनमध्ये घाला, थेंबाचं चिन्ह दिसू द्या. बोटाच्या टोकावर मधोमध टोचू नका, तिथे दुखतं. नखाच्या बाजूला, कडेला टोचा. करंगळीशेजारचं बोट आणि मधलं बोट सोयीचं. रोज बोट बदला. तळहाताकडून बोटाच्या टोकाकडे हळू दाब देत थेंब येऊ द्या. थेंब येत नाही म्हणून टोक पिळून काढू नका. पिळल्याने पेशींमधलं पाणी रक्तात मिसळतं आणि आकडा चुकतो. त्यापेक्षा पेनची खोली एक खूण वाढवा. थेंबाला स्ट्रिपचं टोक फक्त टेकवा, ती रक्त आपोआप ओढून घेते. वरून रक्त फासू नका आणि कमी पडलं म्हणून दुसरा थेंब जोडू नका. अशा वेळी नवी स्ट्रिप घ्यावी लागते.

घरात दोघांना मधुमेह असला तरी सुया आणि पेन प्रत्येकाचं वेगळं. एकाच पेनमधून रक्तातले संसर्ग पसरतात, सुई बदलली तरीसुद्धा.

अचूकतेबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. घरगुती मशीनसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे त्यानुसार १०० च्या वरच्या आकड्यांत १५ टक्के आणि १०० च्या खाली १५ मिलिग्रॅम फरक चालतो, आणि १०० पैकी किमान ९५ आकडे या मर्यादेत बसावे लागतात. लॅबमध्ये १२० असताना मशीनवर १०२ ते १३८ मधलं काहीही दिसलं तरी मशीन ठीक आहे. म्हणून १४८ आणि १३९ यांत फरक शोधू नका, ते एकच आहेत असं समजा. एकामागून एक तीन स्ट्रिपा वापरून 'खरा' आकडा काढायचा प्रयत्नही नको.

४. वेळा ठरवा आणि जोडीने मोजा

रोज सकाळी फक्त उपाशीपोटी मोजणारे खूप आहेत. अशा वहीत तीस आकडे असतात आणि तिसांतून एकच गोष्ट कळते. त्यापेक्षा जोडीने मोजा: खाण्याआधी एक आणि पहिला घास घेतल्यापासून बरोबर दोन तासांनी दुसरा. दोन तास पहिल्या घासापासून धरायचे, ताट उचलल्यापासून नाही. लग्नातल्या पंगतीसारखं तासभर चाललेलं जेवण असेल तर हा फरक फार मोठा होतो.

गोळ्यांवर असणाऱ्यांसाठी सुरुवातीला आठवड्याला आठ स्ट्रिपांचं हे वेळापत्रक पुरेसं पडतं:

- सोमवार: नाश्त्याआधी आणि नाश्त्यानंतर दोन तासांनी
- बुधवार: दुपारच्या जेवणाआधी आणि नंतर
- शुक्रवार: रात्रीच्या जेवणाआधी आणि नंतर
- रविवार: झोपताना, आणि दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या

उठल्या उठल्या म्हणजे चहाआधी, फिरायला जाण्याआधी. अंबाझरीला तासभर चालून आल्यावरचा आकडा उपाशीपोटीचा नसतो.

मोजायचं म्हणून त्या दिवशी मुद्दाम कमी खाऊ नका. जे एरवी खाता तेच खा, नाहीतर वहीत दुसऱ्याच माणसाचे आकडे येतात.

तेलकट जेवणाला दोन तासांचा नियम पुरत नाही. सावजी रस्सा आणि तेलात न्हालेली भाजी खाल्ली की पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, पोळी-भातातली साखर रक्तात उशिरा येते. दोन तासांनी १५५ पाहून समाधान वाटतं आणि चार तासांनी २२० असतात. अशा जेवणानंतर एकदा तरी चौथ्या तासाला मोजून बघा. उलट पोहे, साबुदाण्याची उसळ, मुरमुरे, उसाचा रस हे लवकर चढतात. उपासाच्या दिवशी भगर-साबुदाणा खाऊन शुगर का वाढली असा प्रश्न पडतो त्याचं उत्तर हेच: साबुदाणा जवळजवळ सगळा स्टार्च असतो. आणि उपास धरायचा असेल तर त्या दिवशीच्या गोळ्यांचं काय करायचं हे आदल्या भेटीतच विचारून ठेवा.

५. वही वाचा

वर दिलेलेच आकडे आता वेळेसकट बघू.

सोमवार: नाश्त्याआधी १४८. एक प्लेट तर्री-पोहे, साखरेचा चहा. दोन तासांनी २३६. वाढ ८८.
बुधवार: जेवणाआधी १३२. दोन पोळ्या, पालकाची भाजी, वरण, अर्धी वाटी भात. नंतर १७१. वाढ ३९.
शुक्रवार: जेवणाआधी १२४. जवारीची एक भाकर, झुणका, कांदा. नंतर १५८. वाढ ३४.
रविवार: झोपताना १३५. सोमवारी सकाळी १४६.

आधी वाढ बघा. जेवणाने साधारण ५० पर्यंतची वाढ झाली तर त्या ताटाबद्दल तक्रार नसते. दुपार आणि रात्र ठीक आहे. नाश्ता मात्र बदलायला हवा. पुढच्या सोमवारी चहा बिनसाखरेचा, त्याच्या पुढच्या सोमवारी अर्धी प्लेट पोहे, मग त्यात मूठभर मोड आलेले मूग किंवा तर्रीतले चणे जास्त, असं एकेक करून पुन्हा जोडीने मोजा. एका वेळी एकच गोष्ट बदला. सगळं एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

मग सकाळचा आकडा. रात्री झोपताना १३५ आणि काही न खाता सकाळी १४६. पहाटे चारच्या सुमारास शरीरात कॉर्टिसॉल, ग्रोथ हार्मोन यांसारखी संप्रेरकं वाढतात आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. मधुमेहात इन्सुलिन कमी पडत असल्याने ती अडत नाही. त्यामुळे रात्रीचं जेवण सोडून दिलं तरी सकाळचा आकडा खाली येईलच असं नाही, उलट गोळी घेतलेली असेल तर रात्री शुगर लो होऊ शकते. सकाळचा आकडा सतत चढा असेल तर एक-दोन रात्री तीनचा गजर लावून मोजा. तीनला १३० आणि सहाला १६० असेल तर पहाटेची वाढ. तीनला ६५ असेल तर रात्रीचं औषध जास्त होतंय, दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. आणि झोपतानाच २१० असेल, तर प्रश्न रात्रीच्या ताटाचा आहे.

एका आकड्यावरून गोळीचा डोस स्वतः बदलू नका. त्याच वेळेला तीन-चार आठवडे तेच दिसलं तर तो नमुना, आणि डॉक्टर नमुन्यावर औषध बदलतात.

गुडघ्यात घेतलेलं किंवा दम्यासाठी दिलेलं स्टिरॉइड शुगर झपाट्याने वाढवतं. स्टिरॉइडची गोळी सकाळी घेतली तर उपाशीपोटीचा आकडा बरा राहतो आणि दुपारनंतरचे आकडे चढतात. ताप, दातदुखी, लघवीचा संसर्गही शुगर वाढवतो. वहीत तशी खूण करा.

६. लॅबमध्ये जाताना

उपाशीपोटी म्हणजे ८ ते १० तास. पाणी चालतं. चहा नाही, बिस्कीट नाही आणि खर्राही नाही. 'खाल्लं काही नाही, फक्त खर्रा' हे उत्तर इथल्या लॅबमध्ये नेहमीचं आहे, पण तंबाखूतल्या निकोटिनने शुगर वाढते आणि लाळेबरोबर काही ना काही पोटात जातंच.

जेवणानंतरच्या तपासणीला, निदान आधीच झालेलं असेल तर, नेहमीचं जेवण आणि नेहमीची गोळी घेऊनच जायचं. गोळी चुकवून आलेला पीपीचा, म्हणजे जेवणानंतरचा, आकडा कशाच्याच कामाचा नाही. मधले दोन तास बसून काढा. त्या वेळात बाजारहाट उरकली तर आकडा उगीच कमी येतो. काउंटरवर स्पष्ट सांगा: 'दादा, पावणेनऊला नाश्ता सुरू केला आहे, पावणेअकराला रक्त घ्या.' वेळ कागदावर लिहून घ्या.

शुगरसाठीचं रक्त राखाडी झाकणाच्या नळीत घेतात. तिच्यात फ्लोराइड असतं. ते नसेल तर रक्तातल्या पेशी नळीतसुद्धा साखर खात राहतात आणि खोलीच्या तापमानाला दर तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर कमी होते. उन्हाळ्यात त्याहून लवकर. घरी येऊन रक्त नेणारा मुलगा मे महिन्यात अजून सहा घरं करून लॅबला पोचणार असेल तर राखाडी झाकण आणि थंड पेटी दोन्ही आहेत का ते विचारा. विचारण्यात संकोच करू नका.

मशीनची पारख करायची तर उपाशीपोटीच करा: शिरेतून रक्त देताना त्याच वेळी आपल्या मशीनवर बोट टोचा आणि दोन्ही आकडे शेजारी लिहा. जेवणानंतर अशी तुलना करू नका. तेव्हा बोटाच्या टोकाचं रक्त शिरेच्या रक्तापेक्षा २०-३० ने किंवा जास्तही वर असू शकतं आणि त्यात मशीनची चूक नसते.

७. एचबीए१सी, आणि आपल्या भागातला सिकलसेल

तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनला साखर चिकटते. पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटली यावरून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. यासाठी उपाशी राहावं लागत नाही. सरासरी काढायचं सूत्र: एचबीए१सी गुणिले २८.७, वजा ४६.७. म्हणजे ६ ला १२६, ७ ला १५४, ८ ला १८३, ९ ला २१२.

हा आकडा वहीशी ताडून बघा. वहीत उपाशीपोटीचे सगळे १३० च्या आसपास आणि एचबीए१सी ८.२, म्हणजे सरासरी १८९, असं असेल तर तुम्ही ज्या वेळी मोजत नाही त्या वेळी शुगर चढते आहे. बहुतेक वेळा जेवणानंतर.

उलटं असेल तर जास्त सावध व्हा. वहीत १८०-२०० आणि एचबीए१सी ५.६, म्हणजे सरासरी ११४. आपल्याकडे असं दिसलं की सिकलसेलचा, म्हणजे तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराचा, विचार आधी करायचा. विदर्भात, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा आणि नागपूर भागात, सिकलसेल कितीतरी कुटुंबांत आहे आणि 'एएस' म्हणजे वाहक असलेल्या अनेकांना ते माहीतही नसतं, कारण त्यांना त्रास होत नाही. 'एसएस' रुग्णात नेहमीचं 'ए' हिमोग्लोबिनच नसतं आणि तांबड्या पेशीही लवकर मरतात, त्यामुळे एचबीए१सीला काही अर्थ राहत नाही. वाहकांत तो लॅबच्या पद्धतीवर अवलंबून चुकू शकतो. आकडा छान आला म्हणून औषध कमी झालं आणि डोळे-किडनीचं नुकसान आतल्या आत चालू राहिलं, असं यात होऊ शकतं. म्हणून घरात कुणाला सिकलसेल असेल तर मधुमेहाच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. माहीत नसेल तर तपासून घ्या, सरकारी रुग्णालयांतून ही तपासणी होते. अशा रुग्णांसाठी फ्रुक्टोसामीन किंवा ग्लायकेटेड अल्ब्युमिन ही तपासणी असते, आणि घरची वही तर असतेच.

नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा डायलिसिस चालू असेल तरी एचबीए१सीवर विसंबू नये. लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल तर तो खोटा वाढतो. बायकांमध्ये हे फार दिसतं, म्हणून एचबीए१सीसोबत हिमोग्लोबिनही बघावं.

८. शुगर लो झाली तर

७० च्या खाली म्हणजे लो. ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. हा धोका मुख्यतः इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्यांनी असतो. नुसत्या मेटफॉर्मिनवर सहसा नाही. थरथर, घाम, धडधड, एकदम भूक, बोलण्यात गोंधळ ही लक्षणं. मे महिन्यात घाम उन्हाचा की शुगरचा हे ओळखता येत नाही, तेव्हा मोजा. मशीन जवळ नसेल तर लो आहे असं समजून उपाय करा.

१५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. १५ ग्रॅम म्हणजे चहाचे साधारण चार सपाट चमचे. घरच्या काट्यावर एकदा मोजून १५-१५ ग्रॅमच्या पुड्या बांधा. एक खिशात, एक गाडीत, एक उशाशी. संत्रा बर्फी, पेढा, चॉकलेट यावेळी उपयोगाचं नाही, त्यातल्या तुपा-दुधाने साखर उशिरा चढते. शुगर वर आली की अर्धी पोळी किंवा काहीतरी खा.

तुमच्या गोळ्यांत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर साधी साखर चालणार नाही. ही औषधं साखरेचं पचनच मंदावतात. अशांना ग्लुकोज पावडरच हवी. पुडी साखरेची न बांधता ग्लुकोजची बांधायची ती यासाठी.

माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. शुद्ध आली तरी ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा परिणाम बरेच तास टिकतो आणि शुगर पुन्हा खाली जाऊ शकते, म्हणून रुग्णालयात न्यावंच.

अनेक महिने ३०० वर राहिलेल्या माणसाला औषध सुरू झाल्यावर १२० लासुद्धा थरथर वाटते. मोजा. ७० च्या वर असेल तर धोका नाही, थोडे दिवस शरीराला सवय लागेपर्यंत असं होतं. तिथे साखर खाल्ली तर सगळी मेहनत वाया जाते.

९. आकडा फार मोठा आला तर

आधी हात धुऊन दुसऱ्या बोटावर पुन्हा मोजा. बहुतेक मशीनवर 'एचआय' अक्षरं आली म्हणजे ६०० च्या वर, तो आकडा नसल्याने काही जण त्याला बिघाड समजतात. तसं समजू नका, सरळ रुग्णालयात जा.

काही तासांच्या अंतराने दोनदा ३०० च्या वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. सोबत उलट्या, पोटदुखी, धाप किंवा गुंगी असेल तर वाट पाहू नका. मनाने दोन गोळ्या एकदम घेऊ नका. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: या गोळ्यांवर शुगर २०० च्या आसपास असतानाही रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) घातक प्रमाणात वाढू शकतात. उलट्या आणि धाप असेल तर आकडा बरा दिसतोय म्हणून घरी बसू नये.

उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की शुगर चढते, चढलेल्या शुगरने लघवी वाढते, त्याने पाणी आणखी घटतं. उलट्या-जुलाबात ओआरएस साखरेच्या भीतीने टाळू नका. एका लिटरमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, आणि ते आतड्यातून मीठ-पाणी शोषलं जाण्यासाठी लागतं. याच वेळी मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या हे फोन करून विचारा. इन्सुलिनवर असाल तर ते उन्हाने बिघडलं नाही ना हेही बघा. न उघडलेलं २ ते ८ अंशांत ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात नाही. डोस तोच, खाणं तेच आणि तरी सगळेच आकडे चढले असतील तर नवी बाटली उघडून बघा.

१०. डॉक्टरांकडे काय न्यायचं

- वही, आणि शेवटच्या चार आठवड्यांच्या जोड्या एका पानावर
- मशीन आणि चालू स्ट्रिपची डबी
- शेवटचे दोन एचबीए१सी, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन
- सिकलसेलचा रिपोर्ट असेल तर तो
- सगळ्या औषधांची पाकिटं, काढे-चूर्ण आणि दुसऱ्या डॉक्टरांच्या गोळ्यांसकट
- मेडिकल, मेयो किंवा एम्स या सरकारी रुग्णालयांत जात असाल तर जुना केस पेपर आणि आधार कार्ड

गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांजवळ वेळ थोडा असतो. त्या एका पानावर सगळ्यात वर एक वाक्य लिहा, उदाहरणार्थ 'नाश्त्यानंतर चार सोमवार २०० च्या वर, बाकी लक्ष्यात', आणि त्याखाली दोनच प्रश्न: यासाठी खाणं बदलू की औषध बदलाल, आणि कोणता आकडा आला तर मी पुढच्या तारखेची वाट न पाहता यावं?